आहेराच्या वहीमागचे काका

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका माणसांवर रागावलेले नाहीत. माणसं त्यांना मानवतात, पण बेताने. वांगं मानवतं तशी. दोन घास चालतात, तिसऱ्याला अंगावर उठतं. अंतर्मुख-बहिर्मुख ही वाटणी मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ साली पुस्तकात मांडली. आपल्याकडे घुमा, एककल्ली, माणूसघाणा, मुखदुर्बळ असा भरगच्च साठा होताच. काकूंनी तो वापरून संपवलाय.

एरवी दाराचं भिंग आणि "जरा पडलोय" एवढ्यावर भागतं. धडकी भरते ती तुळशीचं लग्न लागलं की. पत्रिका यायला लागतात. कार्यालयात शिरताच कुणीतरी खांदा धरून विचारतं, "ओळखलंस का मला?" ओळखलं तर गप्पा, नाही ओळखलं तर त्याहून लांब गप्पा, कारण मग पणजोबांपासून सुरुवात.

पुतणीच्या लग्नात काकांचं नशीब उघडलं. आहेर लिहिणारे मामा ऐन वेळी तापाने पडले आणि काका त्या टेबलामागे बसले. पुढ्यात टेबल, हातात वही. माणूस येतो, नाव-गाव सांगतो, पाकीट देतो. काका लिहितात, 'पाचशे एक', मान हलवतात. रेंगाळायला जावं तर मागची रांग ढकलते. तरीही कुणी "काय मग, मुलगा काय करतो?" म्हणून टेकलाच, तर काका चष्म्यावरून बघत विचारतात, "आडनावात वेलांटी पहिली की दुसरी?" माणूस खजील होऊन पुढे सरकतो. ताट टेबलावरच येतं. फोटोला बोलावलं तर "हिशेब जुळायचाय." तीन तास, चारशे माणसं, आणि घरी आल्यावर काका चक्क शीळ घालत होते. (काकूंनी आधी ताप आहे का ते पाहिलं.)

गोची अशी, की हिशेब पैशाला पैसा जुळला. मग चुलत, मावस, शेजारपाजार, सगळ्यांना काकाच हवेत. गेल्या हंगामात अकरा लग्नं झाली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, म्हणजे बोलणं आलंच. त्यापेक्षा वही बरी.

परवा साडूंच्या मुलाची पत्रिका आली. तळाशी ठळक अक्षरांत: 'कृपया आहेर आणू नये.' काकांनी ती दोनदा वाचली, उलटून पाहिली. मग जन्मात केला नव्हता तो प्रकार केला. स्वतःहून फोन लावला.

"अभिनंदन," काका म्हणाले. "चपला सांभाळायला कुणी ठरवलंय का?"