कागदावरची कुस्ती

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सोमवार-बुधवार कराटे असतं, मंगळवार-गुरुवार तायक्वांदो आणि शुक्रवारी भजनी मंडळ. तिन्ही पंथांचं एकमेकांशी पटत नाही. वाद तत्त्वाचा नाही, क्लास सुटल्यावर गाद्या कोणी उचलायच्या याचा आहे. यंदा गणपतीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी पिल्लू सोडलं, ‘एकदा होऊनच जाऊ दे. कोण भारी? कराटे की तायक्वांदो?’

या प्रश्नाने भल्याभल्यांना आडवं केलंय. अगदी शब्दशः.

२६ जून १९७६, टोकियोचं बुदोकान. एका कोपऱ्यात मुष्टियुद्धाचा जगज्जेता मुहम्मद अली, दुसऱ्यात जपानी पैलवान अंतोनिओ इनोकी. अलीला कबूल केलेली रक्कम ६० लाख डॉलर. हे चालणार नाही, ते चालणार नाही, अशी आधी नियमांवर इतकी घासाघीस झाली, की पैलवानाकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरलंच नाही. मग पठ्ठ्याने घंटा होताच बैठक मारली. १५ फेऱ्यांतला बहुतेक वेळ तो उताणा पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत होता. फुलपाखरासारखा तरंगणारा अली त्याच्याभोवती फिरून ‘ऊठ, ऊठ’ म्हणत राहिला, जसं आपण रविवारी दुपारी घरातल्या कर्त्या पुरुषाला म्हणतो. ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निकाल बरोबरी. प्रेक्षक चिडले आणि सुजलेले पाय घेऊन अलीला पुढे इस्पितळ गाठावं लागलं.

यातली खरी गंमत पंचाची. पंच होता जीन लेबेल, मूळचा जूदोवाला. त्याने १९६३ सालीच सॉल्ट लेक सिटीत मायलो सॅव्हेज नावाच्या मुष्टियोद्ध्याला चौथ्या फेरीत गळा आवळून झोपवलं होतं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी एवढे डॉलर मोजले, त्याचं एक उत्तर १३ वर्षांपूर्वीच मिळालेलं, आणि ते देणारा गृहस्थ शिट्टी सांभाळत मध्ये उभा!

आडवं पडण्याची ही विद्या काही इनोकीची नव्हे. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामा पैलवानासमोर पोलंडचा पैलवान झिबिस्को आला आणि अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पालथा राहिला. इनोकी उताणा, झिबिस्को पालथा, विद्यापीठ एकच. ती कुस्तीही बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी निकालासाठी पुन्हा बोलावलं, तर गडी फिरकलाच नाही. १९२८ साली दोघे पुन्हा भिडले, ते पतियाळाच्या आखाड्यात. तेव्हा गामाने मिनिटभरही लावलं नाही. गामा तोच, झिबिस्को तोच. फक्त यजमान बदलला.

यजमानावरून आठवलं. १९९३ साली डेन्व्हरमध्ये यूएफसीची, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये एकमेकांना भिडवणारी, पहिली स्पर्धा झाली. आठ लढवय्ये, वजनगट नाहीत, एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला (दुसरा हात बहुधा हार मान्य करायला मोकळा ठेवला असावा, उपयोग तेवढाच झाला). जिंकला कोण? जेमतेम ८० किलोंचा रॉयस ग्रेसी. तीन लढती, मिळून पाच मिनिटांच्या आत. ब्राझिलियन जुजुत्सू सर्वश्रेष्ठ, असा जगभर डंका पिटला गेला. स्पर्धेच्या आयोजकांत रॉयसचे थोरले बंधू रोरियन होते, हे डंक्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. रॉयसची विद्या खोटी नव्हती. पण कोणतं हत्यार चालेल हे घरातच ठरत असेल, तर लग्नात नवरदेवाच्या मावशीला उखाण्याचं बक्षीस मिळाल्यासारखंच ते.

म्हणून ‘कोण भारी’ विचारणाऱ्याला आधी विचारावं : जमीन कसली, वेळ किती आणि कागद लिहिला कोणी? मातीत पाठ टेकवली की विषय संपला. मॅटवर गुण मोजतात आणि घड्याळही लढतं. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लाल मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. परत येऊन ‘मातीत या, मग दाखवतो’ असं म्हणायला वाव होता. त्यांचं सगळं गाव, गोळेश्वर, मागे उभं राहिलं असतं. पण खाशाबा मॅटवरच्या कुस्तीची तयारी करून १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. भांडण्यापेक्षा शिकणं अवघड, म्हणून पहिल्या प्रकाराला गर्दी जास्त.

तर आमचा हॉल. तायक्वांदोचे सर म्हणाले, तोंडावर हात चालणार नाही, पाय झाडून पाडणं तर नाहीच. कराटेचे सर म्हणाले, पूर्ण ताकदीची लाथ चालणार नाही, आमच्यात आवरतं घेतात. चष्मेवाल्या मुलाच्या आई म्हणाल्या, डोक्याच्या आसपास काहीच नको. सेक्रेटरी म्हणाले, खिडकीकडे तोंड करून लाथ मारायची नाही, काच नवी आहे. तीन बैठकांनंतर नियमांत जे उरलं ते मुलांनी शुक्रवारी संध्याकाळी चोख करून दाखवलं : दोघे समोरासमोर आले, कमरेत वाकले आणि एकमेकांना नमस्कार करून परत गेले.

टाळ्या झाल्या. समोसे झाले. रात्री दोन्ही क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्या विद्यार्थ्यांचा दैदीप्यमान विजय’ झळकला. गाद्या मात्र हॉलभर तशाच पसरलेल्या होत्या. भजनी मंडळाच्या काकू आल्या, पदर खोचला आणि एकेक गादी उचलून भिंतीला लावली.

नियम कोणी विचारले नाहीत.