मॅचिंग नंबर्स

इंग्लंडातल्या कुठल्याही खेड्यात रविवारी सकाळी पबच्या आवारात हे गृहस्थ हमखास भेटतात. साठी उलटलेली, डोक्यावर ट्वीडची टोपी, नखांत ग्रीस. आभाळ भरून आलं तरी जुन्या गाडीचं छत उघडंच. छत चढवेपर्यंत सर येऊन गेलेली असते, हे अनुभवाने शिकलेले असतात.

भाव विचारलात की पहिलं वाक्य ठरलेलं: 'विकायची नाहीच.' आणि पाठोपाठ फाइल. स्थळ आल्यावर पत्रिका काढावी तशी ते ती उघडतात. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर, सगळे कारखान्याच्या नोंदीशी जुळलेले. छत्तीस गुण! याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात, आणि तेवढ्यावर किमतीचा आकडा सुखाने फुगतो. बायकोला सांगितलेला खर्च आणि फाइलमधला खर्च, हे नंबर मात्र मॅच होत नाहीत.

या साहेबांचं अर्थशास्त्र न्यारं आहे. इथे खोटीला भाव असतो. १९६१ मध्ये जॅग्वार ई-टाइप आली तेव्हा तिची किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर होती. सुरुवातीच्या गाड्यांची जमीन सपाट होती, उंच माणसाला पाय कुठे ठेवावेत कळेना. कंपनीने १९६२ मध्ये पायांसाठी खळगे करून दिले. आज मान आहे तो त्या सपाट जमिनीच्या, पाय अवघडवणाऱ्या गाडीला! पहिल्या सुमारे ५०० गाड्यांचं बॉनेट बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडावं लागे. त्या तर आणखी महाग. साहेबांची स्वतःची एमजीबी आहे, १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनलेली. तरी तिला 'दुर्मीळ' म्हणताना आवाज कापत नाही.

लुकास कंपनीच्या दिव्यांचा विषय निघाला की ते स्वतःच हसतात. लुकासला तिकडचे लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात, यातच सगळं आलं. एमजीबीचा पत्रा गंजला तर नवा सांगाडाच मिळतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज तो जुन्याच साच्यांवर बनवते. सांगाडा नवा, रंग नवा, इंजिन दोनदा उघडलेलं. 'बाकी सगळं ओरिजिनल,' असं सांगताना ते हॉर्नवर प्रेमाने हात ठेवतात. (हॉर्न वाजत नाही.)

मग शेवटचं अस्त्र: 'ही गुंतवणूक आहे.' यात थोडं तथ्यही आहे. तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्त्याचा कर माफ, तिची वार्षिक तपासणीही सहसा सक्तीची नाही, आणि विकून नफा झाला तर त्यावरही कर नाही. फक्त नफा होण्यासाठी आधी विकावी लागते, आणि फाइलमधल्या पावत्यांची बेरीज टाळावी लागते.

माझं म्हणाल, तर ई-टाइपचा सांगितला जाणारा भाव हा गाडीचा नव्हे, तिच्या नंबरांचा. तो ज्याला परवडतो त्याने खुशाल द्यावा. एमजीबी मात्र पैसे वसूल करते. सुटे भाग मिळतात, इंजिन साधं आहे, पाना धरता आला तरी पुरे. पण घ्यायची तर दुसऱ्याने पैसे ओतून झालेलीच घ्या. आणि खिशात लोहचुंबक ठेवा: दाराखालच्या सिल्सना तो चिकटला नाही, तर तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे. मग फाइल कितीही जाड असो, साहेबांना बिअर पाजा आणि घरी या.