दादांचं नाव जरा मोठं घे

तालुक्यात कुणाचं राजकीय वजन किती, हे जिल्हाध्यक्षांपेक्षा फ्लेक्सवाल्या पोराला नेमकं ठाऊक असतं. ते वजन कोपऱ्याला धरून ओढायचं काम त्याच्याकडेच असतं ना! वरच्या पट्टीत गोलातले नेते, मधोमध गॉगल लावलेला वाढदिवसाचा मानकरी, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज रांग. वर्गणी ज्याची जास्त, त्याचं नाव पाव इंच मोठं. हा हिशेब कुठल्याही वहीत नसतो. पोराच्या डोक्यात असतो.

तोंडात मावा असल्याने तो शक्यतो 'हं' एवढंच बोलतो. समोर कोरलड्रॉ उघडलेलं, पण मेनू उघडताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. एफ-आठ दाबलं की अक्षरं, एफ-बारा दाबलं की आउटलाइन. लाल अक्षराला पिवळी किनार, पिवळीला काळी, काळीला पांढरी आणि सगळ्यांमागे सावली. नवशिका आउटलाइन नुसती जाड करत सुटतो. ती निम्मी आत घुसते आणि 'क'चं पोट बुजतं. हा 'बिहाइंड फिल'वर टिक करतो, म्हणजे किनार मुकाट्याने अक्षरामागे जाते. शेजारची 'स्केल विथ इमेज'ची टिक तर तो झोपेतही विसरत नाही. ती राहिली, तर पडद्यावरची ठसठशीत आउटलाइन दहा फुटी फ्लेक्सवर दोऱ्याएवढी उरते आणि कार्यकर्ते दुकानात येतात. कार्यकर्ते कधी एकटे येत नाहीत.

गिऱ्हाईक पाठीमागे स्टुलावर बसून असतं. "दादांचं नाव जरा मोठं घे." हा घेतो. "अजून." हा घेतो. "आता साहेब बारीक दिसायला लागले रे!" मग साहेब मोठे. तेवढ्यात आठवतं, की नावामागे 'कार्यसम्राट' राहिलं. जागा तर संपलेली. हा नाव दोन्ही बाजूंनी दाबतो. उभे दांडे काडीसारखे होतात, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच जाड राहते आणि दादांचं नाव वाळत घातल्यासारखं दिसू लागतं. दादांना ते आवडतं. ठळक दिसतंय म्हणतात.

कमल शेडगे नाटकाचं नाव लिहायचे, तेव्हा अक्षरांतच नाटकाचा स्वभाव उतरायचा. आमच्या आर्टिस्टकडे स्वभाव एकच, जल्लोष. 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही त्याने सोनेरी ग्रेडियंट दिला होता. विचारलं तर म्हणाला, "पार्टी मोठी होती."

खरा कस लागतो तो रात्री अकराला. प्रिंटिंगवाल्याकडे आपला फॉन्ट नसला तर मराठीच्या जागी एबीसीडीची खिचडी छापून येते, म्हणून फाइल पाठवण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून अक्षरं कर्व्ह करायची. त्यानंतर ती अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार उरतात. टाइप करून काही बदलता येत नाही. एकदा दुसऱ्या दुकानातून अशीच कर्व्ह केलेली फाइल आली, तिच्यातला फॉन्ट याच्याकडे नव्हता, आणि नेमके तेव्हाच एक शुभेच्छुक कदम उगवले. त्यांचं नाव राहिलं होतं. पोराने मावा थुंकला. 'कट्टर'चा 'क' उचलला, 'दमदार'चा 'द' आणि 'म' घेतला, पुढचं 'दार' तिथेच सोडलं. तिन्ही तुकडे जवळ आणले, शिरोरेषा जुळवून वेल्ड केल्या आणि पाच मिनिटांत कदम उभे केले. काना-मात्रा काहीच नाही, असं सोयीचं आडनाव रोज मिळत नाही.

कदमांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"शेजारचे जाधव माझ्यापेक्षा मोठे दिसतायत."

"हं," तो म्हणाला आणि जाधवांचा कोपरा आत ढकलला. सकाळी जाधव येणारच होते.