अकरा वाजता, पन्नास फुटांवर

आमच्या फ्लोरिडातल्या गल्लीत एक निवृत्त दंतवैद्य राहतात. सकाळी लोक कुत्री फिरवायला बाहेर पडतात तेव्हा हे हिरवळीवर अनवाणी उभे असतात. हातात नऊ फुटी रॉड, दोराच्या टोकाला गरीऐवजी लाल लोकरीचा गोंडा, आणि समोर पन्नास-साठ फुटांवर गवतात ठेवलेली कागदी बशी. दोर मागे, दोर पुढे, पुन्हा मागे, आणि गोंडा बशीत अलगद उतरला पाहिजे. पडल्याचा आवाज आला तर नापास. वाऱ्याने बशी उडाली की बघणाऱ्याला वाटतं, आता हा माणूस वैतागणार. डॉक्टर उलट खूश होतात आणि पळत्या बशीवर नेम धरतात. एकदा या गोंड्याने शेजारच्या पूडलचा कान पकडला. पूडलची मालकीण तेव्हापासून बोलत नाही. पण ती फेक सत्तर फुटांची होती, हे डॉक्टर अजून आवर्जून सांगतात.

हा सगळा खटाटोप बोनफिश नावाच्या माशासाठी. मासा दिसायला साधाच. रुपेरी, लांबट, नाक पुढे आणि तोंड खाली. नेहमी सापडणारा दोन-चार पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबात एक-दोन किलोंचा. दहा पौंडी लागला तर माणूस उरलेलं आयुष्य तेवढंच बोलतो. अंगात काटे इतके की नावातही हाडच आलं आहे. भरतीचं पाणी चढू लागलं की हे मासे खोलातून घोटाभर-गुडघाभर पाण्यात चरायला येतात, तळाच्या वाळूत तोंड खुपसून कोळंबी नि खेकडे शोधतात, आणि पाणी फारच कमी असलं तर शेपटी वर उघडी पडते. तेवढ्या उथळात लपायला जागा नाही, मागे शार्क आणि बाराकुडा टपलेले. त्यामुळे मासा कमालीचा भेदरट. डोक्यावरून दोराची सावली गेली तरी अख्खा थवा पसार. खवले असे लखलखीत की तळाची वाळूच त्यांच्यात दिसते, मासा दिसत नाही. दिसलीच तर त्याची सावली. आणि एकदा गरीला लागला की पहिल्याच धावेत शंभर यार्ड दोर घेऊन जातो.

एवढं सगळं करून तो पकडायचा आणि सोडून द्यायचा. फ्लोरिडात २०१३ पासून तसा नियमच आहे, पण डॉक्टर त्याच्याही आधीपासून सोडतात. मी कोकणातला. आमच्या घरी आणलेला मासा गेला म्हणजे तो मांजराने नेला, एवढा एकच अर्थ होतो. मी डॉक्टरांना विचारलं, "चवीला कसा असतो?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांच्या कुत्र्याबद्दल विचारलं होतं. बहामातली जुनी माणसं लिंबू-मिरची लावून तो भट्टीत भाजतात, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

ओळख नवी होती तेव्हा एकदा ते गंभीरपणे म्हणाले, "१९४७ सालाला तोड नाही." मी भारावून उठलो आणि त्यांचा हात हातात घेतला. परक्या मुलखात कुणीतरी आपलं स्वातंत्र्य लक्षात ठेवलं होतं! डॉक्टर पुढे म्हणाले, "जो ब्रुक्सने त्या वर्षी फ्लोरिडा कीजमध्ये ठरवून, नेम धरून, फ्लायवर बोनफिश पकडला. जिमी अल्ब्राइट गाइड होता." मी हात हळूच सोडवून घेतला.

फ्लाय म्हणजे गरीवर पिसं, केस, धागे बांधून केलेला खोटा जीव. बोनफिशसाठी ती कोळंबी किंवा छोटा खेकडा असल्याचं सोंग आणते. तिला वजन जवळजवळ नसतं. वजन दोराला, आणि सगळं कसब तो जड दोर हवेतून वाऱ्याविरुद्ध पोहोचवण्यात. बाजारात फ्लाय तयार मिळतात, पण डॉक्टरांच्या मते विकतच्या फ्लायवर धरलेला मासा अर्धाच आपला. म्हणून ते रात्री दातांचीच जुनी हत्यारं घेऊन बसतात. 'क्रेझी चार्ली' ही त्यांची आवडती फ्लाय; अँड्रॉस बेटावरच्या चार्ली स्मिथ या गाइडवरून तिचं नाव पडलं. तिचे डोळे मण्यांच्या साखळीचे असतात. आमच्या डॉक्टरांकडे बाथटबच्या बुचाला तशी साखळी होती. 'गॉचा' म्हणून आणखी एक नामांकित फ्लाय आहे. ती पहिल्यांदा बांधली तेव्हा टॅक्सीतल्या कार्पेटचे धागे उपटून वापरले, असं या मंडळींत सांगतात. ही गोष्ट ऐकल्यापासून डॉक्टरांची नजर बदलली. दिवाणखान्यातला सोफा भिंतीकडून हातभर पुढे सरकला आहे, आणि तो का सरकला हे फक्त सोफ्यामागचं कार्पेट सांगू शकेल. पत्नीच्या हिवाळी टोपीची फरही दर वर्षी थोडी विरळ होते. फ्लोरिडात टोपी लागते कुठे, हा त्यांचा युक्तिवाद.

पण डॉक्टर खरे बघावेत ते अँड्रॉसला, नावेत.

बहामातलं हे सगळ्यात मोठं बेट, आणि या नादातल्या लोकांची पंढरी. नाव लहान, उथळ पाण्यात चालणारी. मागच्या उंच फळीवर गाइड लांब काठीने ती ढकलत उभा, पुढच्या सपाट टोकावर डॉक्टर, आणि मधे बर्फाच्या पेटीवर मी, कारण बसून बघणाऱ्यालाही निम्मे पैसे भरावे लागतात आणि ते भरण्यासाठीच मला नेलं होतं. डॉक्टर तिथेही अनवाणी. पायाखाली स्वतःचाच दोर आला तर तळव्याला कळावा म्हणून. तरी तो येतोच.

गाइड अँड्रॉसचाच, लहानपणापासून या पाण्यातला. कितीतरी वेळ तो बोलत नाही. मग अचानक म्हणतो, "मासे, डॉक. अकरा वाजता. पन्नास फूट. डावीकडे चाललेत." नावेचं नाक म्हणजे बारा, त्यावरून दिशा ओळखायची.

"कुठे?"

"अकरा वाजता."

"कुठे, कुठे?"

"आता साडेदहा. चाळीस फूट."

"दिसला! दिसला!"

"तो दगड, डॉक. दगडाच्या पुढे."

डॉक्टर दिसला नसतानाच दोर टाकतात. "थांब," गाइड म्हणतो. "राहू दे. आता ओढ. छोटा. छोटा. मोठा ओढ. आला मागे. थांब. खातोय. ओढ! ओढ! उचलू नको! डॉक, उचलू नको!"

डॉक्टरांनी रॉड उचललेला असतो. बोनफिश लागला की रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने दोर सरळ मागे ओढायचा असतो. पण डॉक्टरांचं बालपण मिशिगनच्या ओढ्यांत ट्राउट धरण्यात गेलं, आणि ट्राउटला रॉड उचलावाच लागतो. त्यामुळे ऐन क्षणी त्यांच्यातला दहा वर्षांचा मुलगा पुढे होतो आणि सत्तरीतल्या माणसाचा मासा घालवतो. फ्लाय माशाच्या तोंडातून निघून हवेत, मासा क्षितिजाकडे, आणि गाइड आकाशाकडे बघतोय.

मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या माणसाने उभं आयुष्य लोकांना हुकूम सोडण्यात घालवलं. तोंड उघडा. आणखी मोठं. हलू नका. थुंका. समोरचा कुणी उलट बोलला नाही, बोलणार कसा, तोंडात दोन हत्यारं आणि कापूस. आता तोच माणूस हजारो मैल उडणाऱ्यांच्या रांगेत पैसे भरून उभा राहतो, आणि एक मच्छीमार त्याला टाक, थांब, ओढ, नको म्हणतो. हा निमूट ऐकतो, चुकतो, आणि संध्याकाळी वर बक्षिसी देतो. घरात "केर बाहेर ठेवता का?" एवढं विचारलं तरी त्यांना सूर खटकतो, असं त्यांच्या पत्नी म्हणतात. अँड्रॉसहून परतल्यावर मात्र आठवडाभर फार समजूतदार असतात.

गाइड लोकांबद्दल त्यांना अपार आदर. बिमिनी बेटावरच्या अ‍ॅन्सिल सॉन्डर्स या गाइडची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात. मार्टिन ल्यूथर किंग १९६४ साली बिमिनीला आले, नोबेल स्वीकारतानाच्या भाषणाची तयारी चालली होती, तेव्हा सॉन्डर्स त्यांना नावेतून खारफुटीच्या शांत पाण्यात घेऊन गेले. ही गोष्ट मनावर घेऊन डॉक्टरांनी स्वतःच्या निरोपसमारंभाचं भाषण नावेतच लिहायला घेतलं. वही मी पाहिली आहे. "मित्रहो, दातांचा आणि माणसाचा संबंध" एवढं लिहिलं आहे, आणि पुढे पानभर फक्त एका शेपटीचं चित्र.

२०२२ साली एक संशोधन जाहीर झालं. दक्षिण फ्लोरिडातले ९३ बोनफिश तपासले, तर सगळ्यांच्या अंगात माणसांची औषधं सापडली, सरासरी सात, आणि एका माशात तब्बल १७. रक्तदाबाची, नैराश्याची, आणखी कसकसली. सांडपाण्यातून समुद्रात गेलेली. डॉक्टर त्या दिवशी खरोखर खचले होते. औषधाची सकाळची गोळी हातात धरून बराच वेळ बसून राहिले. "हीच," ते म्हणाले, "हीच त्यांनाही जाते." मग त्यांनी गोळी घेतली, आणि सांडपाणी शुद्धीकरणासाठी देणगीचा धनादेश लिहिला. त्यांच्या वेडाची मी टिंगल करतो खरी, पण आमच्या गल्लीत सांडपाणी कुठे जातं हे शोधून काढणारा तो एकच माणूस आहे. बाकीच्यांनी फक्त बटण दाबलं.

बहामाच्या दहा सेंटच्या नाण्यावर दोन बोनफिश कोरलेले आहेत. सुटे घेताना डॉक्टर तीच नाणी मागून घेतात, घरी काचेच्या बरणीत ठेवतात. "एवढ्या वर्षांत घरात आलेले मासे ते हेच," त्यांच्या पत्नी पाहुण्यांना बरणी दाखवून सांगतात.

यंदा धाकट्या मुलीचं लग्न आहे. तारीख डॉक्टरांनी काढून दिली, जानेवारीतली पौर्णिमा. चांदण्यातलं लग्न म्हणून मुलगी हरखली, व्याह्यांनी डॉक्टरांच्या रसिकतेची तारीफ केली. पत्नीने काहीच म्हटलं नाही, कारण तिला माहीत आहे. थंडीच्या महिन्यांत पौर्णिमेच्या सुमारास मोठे बोनफिश उथळ पाणी सोडून खोल समुद्राच्या कडेला अंडी घालायला जातात, शेकडो फूट खाली बुडी मारतात. म्हणजे ते दोन-चार दिवस असेही वायाच. लग्न लावून मोकळं व्हावं.

जावई त्यांना पसंत आहे. पोराला रॉड धरता येत नाही, पण नजर तेज. पहिल्याच भेटीत त्याने खिडकीतून समोरच्या घराच्या कौलावरची पाल दाखवली होती. डॉक्टरांनी लग्नाची भेट म्हणून अँड्रॉसची तिकिटं काढली आहेत, पौर्णिमेनंतरच्या आठवड्याची. तिकिटं तीन. नावेत पुढे उभा राहणारा एक आणि मासे दाखवणारा एक अशी दोघांचीच सोय असल्यामुळे मुलीने किनाऱ्यावर पुस्तक वाचायचं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

मी त्यांच्या पत्नीला विचारलं, "तुम्ही नाही जात?"

"मी कशाला?" त्या म्हणाल्या. "आठवडाभर घर रिकामं मिळतंय. नवीन कार्पेट घालून घेते. आणि सोफा त्याच्यावर खिळ्यांनी ठोकून घेणार आहे."