धारोष्ण सॉफ्टवेअर

कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात एक तरी आण्णा असतोच. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळली तरच ते दूध, पिशवीतलं म्हणजे नुसतं पांढरं पाणी, असं मानणाऱ्या घरातला. संगणकावरही हाच बाणा. नव्या पोरानं 'ॲप्ट इन्स्टॉल' मारून चहा निवायच्या आत पोस्टग्रेस टाकलं, की आण्णा विचारणार, "आत काय घातलंय बघितलंस काय?"

आण्णांची रीत वेगळी. सोर्सचा टारबॉल उतरवायचा, सोडायचा, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. कॉन्फिगर अर्ध्यात अडतं, अमुक लायब्ररी नाही म्हणतं. आण्णा खूश! ती लायब्ररीही सोर्सवरनं. तिला आणखी एक लागते. मधल्या वेळात आण्णा राजारामपुरीत मिसळ खाऊन येतात. लॅपटॉपचा पंखा तोवर गिरणीवानी घरघरत असतो.

माणूस अगदीच चुकीचा नाही. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरनं काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. असल्या दिवशी आण्णा काम करत नाहीत, टेबलाटेबलावर जाऊन हाल विचारतात. मार्च २०२४ मध्ये मात्र 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजमध्ये चोरवाट सापडली, तीही नेमकी टारबॉलात दडवलेली. गिटवरच्या उघड्या सोर्समध्ये ती पुरती नव्हतीच. "ती डेब नाहीतर आरपीएम पॅकेज बांधतानाच जागी होत होती," एवढं बोलून आण्णांनी विषय ऊस दरावर नेला.

खरी गंमत काढून टाकताना. ॲप्टला आपण कुठली फाइल कुठं ठेवली ते पाठ असतं. आण्णांचा हिशेब डोक्यात. त्यांच्या मशीनवर पायथन तीन: एक सिस्टिमचा, एक आण्णांचा, तिसऱ्याचं वारसपत्र सापडत नाही. सुरक्षेचा अपडेट आला की बाकीचे एक ओळ मारून घरी जातात. आण्णा ओपनएसएसएलच्या आपल्या प्रती शोधत बसतात.

परवा एका ट्रेनी पोरीनं विचारलं, "आण्णा, हे सगळं बांधणारा जीसीसी कंपाइलर कुठनं आला?"

"बिल्ड-एसेन्शियलमधनं."

"म्हणजे ॲप्टनंच की!"

कंपाइलरच्याच पोटात चोर लपवता येतो, हे केन थॉम्पसननं १९८४ साली दाखवलं होतं. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना आण्णांनीच सांगितलेली. सध्या आण्णा जीसीसी सोर्सवरनं बांधताहेत. कुठल्या कंपाइलरनं, ते कुणी विचारायचं नाही, असं ऑफिसात ठरलंय.