मीच नोंदवणार!

‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ असं म्हणत १५ ऑगस्ट २०२१ रोजी मोबाइल ॲपवरची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. मुहूर्त स्वातंत्र्याचा, हे विशेष. त्याआधी पीकपेरा तलाठी लिहायचे, पुष्कळदा चावडीत बसूनच. आता मालक शेतकरी. मोबाइल त्याचा, नेटपॅक त्याचा, उन्हात उभं राहणंही त्याचंच. ॲप तेवढं दुसऱ्याचं, आणि ते म्हणेल तेच खरं.

श्रीगोंद्यात लिंबाची बाग वर्षानुवर्षं जागची हलत नाही. ॲपच्या आवृत्त्यांना मात्र एवढा दम नाही. जुनं काढा, प्ले स्टोअरवरून नवं घ्या, पुन्हा नोंदणी, पुन्हा ओटीपी. मग बागेत उभं राहावं, तर ॲप सांगणार, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. आजोबांनी घातलेल्या बांधापेक्षा उपग्रहाचा शब्द मोठा! शेवटच्या आठवड्यात सारा महाराष्ट्र सर्व्हरवर चढतो, सर्व्हर बसतो आणि मुदतवाढ निघते. या यंत्रणेत सगळ्यात भरवशाची तीच.

बरं, कळवायचं काय? गट नंबर, पीक, क्षेत्र. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात. एवढं सगळं लिहून वर ‘कळावे’ म्हणायलाही जागा उरेल. पण साधा फोन चालत नाही. मग कॉलेजातलं एखादं पोरगं गाठायचं. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय आहेच, त्यामुळे अर्धी वस्ती आपला पीकपेरा त्याच्याच अंगठ्यानं ‘मीच’ नोंदवते. नव्या तलाठ्याला चहा तेवढा पाजावा लागतो.