काळ आला होता, पण गाडी आली नव्हती

इंग्रजीचे बारा काळ कुणालाही पाठ होतात. त्यातला कुठला कधी वापरायचा, हे मात्र ज्याच्या त्याच्या गावच्या रेल्वे स्टेशनवर अवलंबून असतं, असं माझं मत आहे. मी राहतो जळगावात आणि माझं आजोळ धुळ्याचं, देवपुरातलं. एसटीनं गेलं तर दोन-अडीच तासांचा रस्ता. व्याकरणानं गेलं तर वर्तमानातून थेट भविष्यात.

वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगायची, असा नियम आहे. 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स.' जळगावच्या पोराला हा नियम शिकवावा लागत नाही. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, सुरतेकडचा फाटाही इथेच येऊन मिळतो, रात्री तीनला उठलात तरी कुठली ना कुठली गाडी भोंगा देत असते. ती तीन तास उशिरा असली तरी वेळापत्रकात 'लीव्हज'च. धुळ्याला चाळीसगावहून एक फाटा येतो आणि तिथेच संपतो. पुढे रूळच नाहीत. 'मी पोहोचण्यापूर्वी गाडी सुटली होती' हे पूर्ण भूतकाळाचं ठेवणीतलं वाक्य धुळ्यात फळ्यावर लिहिलं, की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, सुटीसन गयी कथी?"

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आम्ही त्याआधीचे, पाचवीवाले. एबीसीडी संपते न संपते तोच बारा घरांचा तक्ता अंगावर आला. पूर्ण भूतकाळ आम्ही डॉक्टर आणि रुग्णाच्या वाक्यावरून शिकलो. 'डॉक्टर येण्यापूर्वी रुग्ण मेला होता.' महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या हा रुग्ण दर जूनमध्ये मरतो आणि डॉक्टर दर जूनमध्ये उशिरा येतो. निदान एकदा तरी डॉक्टरनं आधी यावं, असं कुठल्याही व्याकरणकाराला वाटलेलं नाही. त्याचं कारणही उघड आहे: रुग्ण वाचला तर काळ चुकतो.

खानदेशी माणसाचा खरा जीव चालू वर्तमानकाळात. अहिराणीत 'करी ऱ्हायना', लेवा बोलीत 'करून राह्यला'. फोनवर 'यी ऱ्हायनू' म्हणणारा माणूस निघालेला असेलच असं नाही. तो आंघोळीला बसलेला असू शकतो, शेवभाजीची दुसरी वाटी मागत असू शकतो, किंवा आपल्याला यायचंय हे त्याला तुमच्या फोननंच कळलेलं असू शकतं. इंग्रजांनीही ही सवलत ठेवलीय. ठरलेल्या बेताला 'आय ॲम कमिंग टुमॉरो' त्यांना चालतं. या एका बाबतीत इंग्रज मूळचा शिरपूरकडचा असावा, असा मला दाट संशय आहे.

पण पुढे तो हट्टाला पेटतो. माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं, या क्रियापदांना म्हणे 'इंग' लावायचा नाही. माझ्या मामेभावाचा मुलगा पुण्याच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी माझ्याकडे तयारीला आला होता. त्याचं पहिलंच वाक्य, "वुई आर हॅविंग टू बफेलोज." मी म्हटलं, 'हॅव' म्हण, म्हशी असणं ही स्थिती आहे, क्रिया नाही. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की बस. "काका, पहाटे चारला उठून धार काढा. मग चारा, मग शेण, मग पाणी, मग परत धार. ही स्थिती आहे?" एप्रिलात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना, म्हशीला दुपारी दोनदा पाणी मारणाऱ्या घरात 'हॅविंग' हेच बरोबर आहे, असं मलाही वाटायला लागलं.

पूर्ण वर्तमानकाळ त्याला चटकन जमला. नियम सोपा आहे: काम झालंय हे सांगायचं, कधी झालं ते सांगायचं नाही. तारीख आली की साधा भूतकाळ वापरावा लागतो. 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' चूक, 'आय हॅव सेंट द फाइल' बरोबर. पोरगा म्हणाला, हे तर आमच्या सातबाराच्या वेळी रोज ऐकलंय. कुठल्याशा कार्यालयात त्याच्या आजोबांना महिनाभर 'फाइल पुढे पाठवली आहे' हेच उत्तर मिळत होतं. कधी पाठवली, असं विचारलं की समोरच्याचा काळ बदलायचा आणि चेहराही.

हे आजोबा म्हणजे आमचे आप्पामामा. मनमाड-इंदूर रेल्वे धुळ्यावरून जाणार, हे त्यांनी लहानपणी ऐकलं आणि तेव्हापासून ते वाट बघतायत. इंग्रजीतला 'हॅव बीन वेटिंग' समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. मराठीत शाळा त्याला 'चालू पूर्ण' म्हणते. एकच गोष्ट चालूही आणि पूर्णही कशी, हे पोरांना कळत नाही, पण बांधकाम खात्यात चिकटलेल्याला पहिल्याच दिवशी कळतं.

16 फेब्रुवारी 2019 ला धुळ्यात धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली. साधा भूतकाळ, तारखेसकट. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. लांबी 309 किलोमीटर, खर्च 18,036 कोटी. पुन्हा साधा भूतकाळ, आकड्यांसकट. मार्ग 2028-29 पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय आणि इथे मात्र 'विल हॅव बीन' लागतो, म्हणजे पुढच्या एका तारखेला उभं राहून मागे वळून बघायचं. आप्पामामांना मी एकदा हा काळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग उनी का रे गाडी?"

"यी ऱ्हायनी, मामा."

"हां. तेच इंग्रजीत एवढं लांब सांगी ऱ्हायना का तू?"

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचा अखेरचा मुक्काम होता, ज्यांनी मराठीचे धातू एकेक करून वेचले, त्याच धुळ्यात आप्पामामांसारखे वैयाकरणी निपजावेत यात नवल नाही.

पोरगा मुलाखतीला गेला. आठवडाभर आम्ही सगळे बारा काळ घोटले होते. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, या प्रश्नाला भविष्यकाळाचे चारही प्रकार वापरून उत्तर बसवलं होतं. साहेबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. धुळ्याचा आहे म्हटल्यावर एवढंच विचारलं, "हाऊ डिड यू कम?"

"आय केम बाय एसटी, सर."

साहेब निघाले अमळनेरचे. पुढची वीस मिनिटं मुलाखत अहिराणीत झाली.